डॉक्टरबाईंच्या खिडकीचं हँडल

३ मार्च, सोमवार

ही वही ताईने मला घरून निघताना दिली, त्याला बरेच दिवस झाले. "रोज लिही, म्हणजे निदान एक गोष्ट तरी तू रोज केलीस असं होईल," म्हणाली होती. मी रोज लिहायचं ठरवून रोज टाळलं. आधी पेन सापडत नव्हतं. मग पेन सापडलं तर वही व्हॅनमध्ये आणि मी घरात. दोन्ही एका जागी आले तेव्हा वहीचं कव्हर इतकं कोरं दिसलं की त्यावर एक मासा काढावासा वाटला, आणि खवले काढता काढता झोपायची वेळ झाली. मासा चांगला आलाय.

तर आता पहिल्यापासून. मी सध्या मामाकडे राहते. मामा दुहेरी काचांच्या खिडक्या-दारांची दुरुस्ती करतो. नवीन बसवत नाही, जुन्यांची दुखणी काढतो. हँडल सैल झालं, लॉक अडकलं, बिजागरी वाकली, दार खाली घासतंय, असलं सगळं. मध्यंतरी त्याचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जात नाही. केस विंचरायचे तर कंगवा तसाच धरून तो डोकं खाली आणतो. म्हणून हात माझे आणि तोंड त्याचं, अशी वाटणी झालीय. धंद्याचा फोनही माझ्याकडेच असतो, त्याच्याकडे फक्त घरचा. खांद्याचं मात्र गिऱ्हाइकांना सांगायचं नाही. "कारागिराचा हात गेला असं एकदा पसरलं की संपलं. विचारलं तर सांग, मामा दुसऱ्या कामावर आहे."

मला सगळे भिंगरी म्हणतात, कारण माझ्या पायाला तीच आहे. मी मधमाश्या पाळणाऱ्याकडे राहिले. मी माश्यांना चालले, माश्या मला चालल्या नाहीत. छापखान्यात राहिले. केस कापायचा कोर्स केला, तो एका बाईचं अर्धं डोकं झाल्यावर सोडला. तिचं पुढे काय झालं कोण जाणे. आता बाबांनी मामाला बजावलंय, "महिनाअखेरच्या रविवारी फोन करतो. पोरगी कामाची असेल तर ठेव, नाहीतर धाड परत." परत म्हणजे बाबांच्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरमागे. जन्मभर लोकांना 'आता खालची ओळ वाचा' म्हणत बसायचं. बाबांचं म्हणणं, मला डोळ्यासमोरचं दिसत नाही. त्यांनीच तपासलेत, डोळे उत्तम आहेत.

आणि गंमत अशी की मला इथून जायचं नाहीये. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होतंय, त्यामुळे थोडं घाबरायला झालंय.

मामाने एकच नियम सांगितलाय. "केलेल्या कामाला परत बोलावणं आलं, की आपलं नाक आपणच कापून हत्यारांच्या पिशवीत ठेवायचं. तुझ्या बाबांना मी दुसरं काही सांगणार नाही. परत बोलावणं आलं की नाही, एवढंच."

४ मार्च, मंगळवार

आज एकटीने पहिलं काम. तिसऱ्या मजल्यावर एक हिशेबनीस राहतो. दार उघडंच होतं आणि आतून आवाज आला, "या, या, मला येता येत नाही." आत जाऊन बघते तर हा माणूस भलीमोठी खिडकी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा. खिडकी वरच्या कोपऱ्यातून सुटलेली आणि आत झुकलेली. "सकाळपासून धरून आहे. सोडली तर पडेल," म्हणाला. फोन त्याने नाकाने लावला होता.

मी धावत जाऊन दुसरी बाजू धरली. मग आम्ही दोघं धरून उभे. थोड्या वेळाने लक्षात आलं की आता दुरुस्ती करायला कुणी उरलेलं नाही. हिशेबनीस म्हणाला, "तुम्ही सोडा ना." मी म्हटलं, "आधी तुम्ही." असं बराच वेळ एकमेकांना मान देऊन झालं. त्याने मला त्याच्या ऑफिसमधलं राजकारण सांगितलं. त्याचा साहेब फार वाईट आहे.

शेवटी मीही नाकानेच मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "हँडल कुठे आहे?"

"वर."

"सोडा."

"काय?"

"सोडा गं दोघं. ती खिडकी दोन तऱ्हांनी उघडते. हँडल आडवं केलं की दारासारखी, वर केलं की नुसती वरून कलते. उघडी असताना कुणीतरी हँडल वर फिरवलंय, म्हणून ती दोन्हीच्या मधे अडकलीय. पडत नाही ती. खालच्या बिजागरीवर आणि वरच्या पट्टीवर दहा वर्षं तशीच राहील."

आम्ही डोळे मिटून सोडली. पडली नाही. मग मामाने सांगितल्याप्रमाणे बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीवर दाबला, हँडल आडवं केलं, आणि खिडकी जागेवर. हिशेबनीस आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेबाला कळवलंय की संकटात आहे. आता काय सांगू?" मी म्हटलं, अजून धरून आहे म्हणा.

६ मार्च, गुरुवार

दातांच्या डॉक्टरबाईंकडून फोन आला. दवाखान्यातल्या छोट्या खिडकीचं हँडल हातात आलंय. मामाला सांगितलं तर तो उठला, बसला, पुन्हा उठला आणि कामाच्या बाकाखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. डब्यात ठिकठिकाणची काढून आणलेली, झिजलेली हँडलं. काही तर फिरवली की कण्हतात.

"तिकडे यातलंच लाव."

"मामा, कपाटात नवी कोरी आहेत की."

"यातलंच. आणि स्क्रू फार आवळू नकोस."

"का?"

"प्लास्टिक आहे. तडकतं."

हाच माणूस बाकी सगळीकडे 'अजून आवळ, अजून आवळ' म्हणून माझी मनगटं सुजवतो. पण प्रत्येक धंद्यात एक कंजुषी असतेच. मधमाशीवाला साखर मोजून द्यायचा आणि छापखानेवाला शाईचा डबा बोटाने पुसून घ्यायचा.

दवाखान्यात काउंटरवर एक जाडजूड बाई बसते. माझ्या मागे दाराकडे बघत म्हणाली, "मामा गाडी लावतायत का?"

"नाही, ते दुसऱ्या कामावर आहेत."

"अगंबाई. आणि आम्ही सकाळपासून पडदे धुतोय."

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. इस्त्रीचा पांढरा कोट, कानात लांब लोंबते डूल. पेशंटवर वाकल्यावर त्याच्या तोंडात जात नसतील का, हा मला पडलेला प्रश्न. म्हणाल्या, "मामा बरे आहेत ना तुझे?"

"मजेत. धंदा जोरात आहे."

"अच्छा," म्हणाल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा कानात डूल नव्हते. म्हणजे जातच असणार तोंडात.

खिडकी खुर्चीच्या बाजूलाच आहे, हातभर लांब, हातभर रुंद. हँडल लावलं. कण्हणाऱ्यांतलंच एक लावलं, कारण ते मला ओळखीचं वाटत होतं. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "एकाच बाजूने चावतेस का गं? बस. आ कर." माझी एक दाढ किडली आहे म्हणे. त्यांनी कच्चं भरून दिलं, पक्कं करायला पुन्हा यावं लागेल. मी विचारलं, एकदाच का नाही भरत? तर म्हणाल्या, "एका बैठकीत बरं करणारा डॉक्टर कुणाच्या लक्षात राहत नाही." मला ते धंद्याच्या दृष्टीने फारसं प्रामाणिक वाटलं नाही.

घरी आल्यावर मामाने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, दाढ किडलीय. "तुझी?" म्हणाला, आणि आपल्या दातांवरून जीभ फिरवत म्हणाला, "माझे दात फार चांगले आहेत भिंगरे. पहिल्यापासून. एकही किडत नाही." मी त्याचं अभिनंदन केलं.

१० मार्च, सोमवार

मेले. परत बोलावणं आलं.

डॉक्टरबाईंचंच. हँडल पुन्हा निघालं. मामाला काही बोलले नाही. डब्यातून एक हँडल शर्टात लपवलं आणि 'बाजारात जाऊन येते' म्हणून निघाले.

निघालेलं हँडल नीट तपासलं. दोन्ही बाजूंनी दातेरी खुणा, चावल्यासारख्या. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. खुर्चीतला एखादा पेशंट दुखणं सहन न होऊन बाजूला वळला असणार आणि समोर जे आलं ते चावला असणार. वेदनेत माणूस काहीही करतो. मी डॉक्टरबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शक्य आहे." काउंटरवरच्या बाईला खोकला लागला, ती पाणी प्यायला गेली ती लवकर आलीच नाही.

"मामा आजही कामावर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, अर्धवट नाही. मामाचं नाव मोठं व्हायला हवं. म्हणून म्हटलं, "हो ना. एक गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या घरच्या सगळ्या खिडक्या काढल्यात. मामा दिवसभर तिकडेच असतो. जेवतोसुद्धा तिकडेच."

"गाणं शिकवतात?"

"फार गोड गळा आहे म्हणे."

डॉक्टरबाईंनी त्यांचं ते घूं करणारं यंत्र चालू केलं. खुर्चीत पेशंट नव्हता. बहुतेक तपासून ठेवत असतील.

१२ मार्च, बुधवार

मामा रोज विचारतो, "तिकडून काही?" कुठून ते सांगत नाही, पण मला कळतं, कारण मला त्याच फोनची धास्ती आहे. मी म्हणते, "काही नाही."

"डब्यातलंच लावलंस ना?"

"हो."

"स्क्रू?"

"ढिले."

मग तो बोटांवर काहीतरी मोजतो आणि म्हणतो, "तसं एवढ्यात नाहीच म्हणा. महिना तरी जातो." म्हणजे बघा, त्यालाही माहीत आहे की ती हँडलं महिनाभरच टिकतात. तरी तीच लावायला सांगतो. एवढा चांगला कारागीर, पण जुन्या मालाचा मोह सुटत नाही.

आज तो कुंचा भिंतीला लावून त्याच्या दांड्यावर बोटं चढवत होता. खांद्याचा व्यायाम. बोटं छातीपर्यंत पोचली की थांबतो, घाम पुसतो, पुन्हा लागतो. मी म्हटलं, "घाई काय आहे, मी आहे ना." तर म्हणाला, "तू आहेस तेच." वाक्य पुरं केलं नाही. माणसं वाक्यं अर्धी का सोडतात? मी धंदे सोडले, पण वाक्य कधी सोडलेलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज मी हुशार ठरले, म्हणून सविस्तर लिहिते. एका घरी नवरा म्हणतो दार उत्तम लागतं, बायको म्हणते लागतच नाही. सकाळी गेले तर दार लोण्यासारखं लागलं. नवरा विजयी मुद्रेने कामावर गेला. बायको मला म्हणाली, "तुला काय वाटतं, मला वेड लागलंय?" मी म्हटलं, मला अजून काहीच वाटत नाहीये, चहा घेते. चहा, मग तिचे जुने फोटो, मग तिच्या बहिणीच्या लग्नातलं भांडण, यात दुपार झाली. पश्चिमेचं ऊन थेट दारावर आलं. गडद रंगाचं प्लास्टिकचं दार, तापून फुगलं, बाक आला, आणि लॉकचे खुंटे भोकांत जाईनात. नवरा सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, त्याने हे दार कधी तापलेलं पाहिलेलंच नाही.

बिजागरीत पाना घालून दार थोडं सरकवलं, चौकटीतली पट्टीही किंचित हलवली. आता दोन्ही वेळा लागतं. बायकोने लगेच नवऱ्याला फोन केला. तिने नक्की काय ऐकवलं ते लिहिणार नाही, पण मला वाटतं तिला दुरुस्तीपेक्षा तोच आनंद जास्त झाला. मामा म्हणाला, "भिंगरे, गप्पा मारत बसल्यामुळे दुखणं सापडलेली तू पहिलीच." मी ते कौतुक म्हणून घेतलंय.

१७ मार्च, सोमवार

पुन्हा निघालं. तिसरं हँडल.

आता हद्द झाली. दोन परत-बोलावणी लपवलीत, अजून एक आलं तर मलाच माझी लाज वाटेल. मी ठरवलं की डब्याला हात लावायचा नाही. कपाटातून पोलादी हँडल घेतलं, किल्लीने लॉक होणारं, आतून जाड चौकोनी दांडी असलेलं. लांब स्क्रू घेतले. आणि स्क्रू पुन्हा फिरू नये म्हणून त्यावर लावायचा तो निळा गोंद घेतला. मामा तो फक्त बँकेच्या दारांना वापरतो.

बसवताना डॉक्टरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आज कोटाला इस्त्री नव्हती. "मामांना म्हणावं, गाणंबाईंच्या खिडक्या झाल्या असतील तर..." आणि पुढे नाहीच बोलल्या. अजून एक अर्ध्या वाक्याचं माणूस.

मी शेवटचा स्क्रू सगळं वजन टाकून आवळला आणि म्हटलं, "झालं. आता तुम्ही रिटायर व्हाल तरी हे निघायचं नाही."

"अजिबात?"

"मामा स्वतः आला तरी काढू शकणार नाही."

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. अगदी हळू. त्यांनी हँडल एकदा धरून पाहिलं, मग जोर लावून पाहिलं, मग भिंतीला पाय टेकवून पाहिलं. ढिम्म. कामाची एवढी कसून परीक्षा घेणारं गिऱ्हाइक मी पाहिलं नव्हतं. मी दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. माझी दाढ पक्की भरायची होती, पण त्या म्हणाल्या आज हात चालत नाहीये.

बाहेर काउंटरवरची बाई डोक्याला हात लावून बसली होती. "हे काय केलंस गं पोरी."

"पक्कं केलं."

"तेच ना."

२२ मार्च, शनिवार

पाच दिवस फोन नाही. मी जिंकले.

आज सुटीचा दिवस म्हणून मामाच्या स्वयंपाकघराची खिडकी घेतली. तिच्यातून रस्त्यावरचा सगळा गोंगाट आत यायचा. कडेचं काळं रबर बदललं, बिजागऱ्या घट्ट केल्या, कडी नीट दाबून बसेल अशी केली. आता ती लावली की बाहेर बँड वाजला तरी आत ऐकू येणार नाही आणि आत कुणी रडलं तरी बाहेर. मी अंगणातून ओरडून मामाला विचारलं, ऐकू येतंय का? त्याने आतून हात हलवला. मग आत येऊन विचारलं, ऐकू आलं का? म्हणाला, "काय?" म्हणजे उत्तम.

पण त्याची जेवणावरची वासना गेलीय. ऑम्लेट तसंच टाकून उठला. "तिकडून काही?" "नाही." "बरं." त्याने डबा काढला, एकेक हँडल फडक्याने पुसलं आणि पुन्हा आत ठेवलं. खांद्याचं दुखणं मनावर जातं असं मी कुठेतरी वाचलंय. किंवा ते गुडघ्याचं असेल.

२५ मार्च, मंगळवार

मामाला बरं वाटावं म्हणून आज सांगूनच टाकलं. परत-बोलावण्यांचं नाही, फक्त चांगलं तेवढं.

"मामा, डॉक्टरबाईंच्या खिडकीची आता काळजी सोड. तिथे मी पोलादी लावलंय."

मामाने कप खाली ठेवला. "कुठलं?"

"किल्लीवालं."

"स्क्रू?"

"लांब."

"गोंद?"

"लावला."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. निळा."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर फक्त व्हॅन होती. मग म्हणाला, "चांगलं काम केलंस," पण माणूस गेल्यावर 'सुटला बिचारा' म्हणतात त्या आवाजात. कुंचा उचलून कोपऱ्यात ठेवला आणि आज व्यायाम केला नाही.

कपाटातल्या सर्वात महाग हँडलाला हात लावला, म्हणून असेल. मी माझ्या कमाईतून भरून देईन म्हटलं. तो म्हणाला, "नको गं, ते भरून येण्यातलं नाही."

२८ मार्च, शुक्रवार

सगळं संपलं. क्रमाने लिहिते.

सकाळी काउंटरवरच्या बाईचा फोन आला. "मामांना दे." मी म्हटलं, ते कामावर आहेत. "गाणंबाईंकडे?" "हो." "बरं. मग तो कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणतो, मामा खांद्याला लावायचं मलम घरी मागवतात आणि महिनाभर घराबाहेर नाहीत, ते कोण?"

मी खोटं बोलायला चांगली आहे, पण तयारीला थोडा वेळ लागतो. तो मिळाला नाही. "खांदा आखडलाय," असं तोंडातून निघून गेलं. "हात वर जात नाही. सगळी कामं मीच करते. पण कुणाला सांगू नका, गिऱ्हाइकं जातील."

"आणि गाणंबाई?"

"त्या नाहीतच."

"नाहीत म्हणजे? वारल्या?"

"नव्हत्याच कधी. मामाचं नाव व्हावं म्हणून मी केल्या."

पलीकडे फोन बाजूला ठेवून ती कुणाला तरी हाका मारत पळाल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, आणि फोन बंद झाला. निरोपसुद्धा घेतला नाही. इतक्या रागावल्या.

म्हणजे हिशेब असा की मामाचं गुपित मी फोडलं, दोनदा परत बोलावणं आलं ते लपवलं आणि गिऱ्हाइकाला फसवलं. आता डॉक्टरबाई गावभर सांगणार. परवा रविवार, बाबांचा फोन. मामाला काही कळायच्या आधी आपणच सगळं सांगून निघावं हे बरं. सांगायला तीनदा त्याच्या खोलीपाशी गेले. एकदा पाणी विचारून आले, एकदा वेळ विचारून आले, एकदा नुसतीच आले.

३० मार्च, रविवार

व्हॅनमध्ये बसून लिहितेय. बॅग मागे हत्यारांशेजारी भरून ठेवलीय. ज्यांच्यावर त्याने शिकवलं ती हत्यारं निदान त्याला नीट परत मिळावीत म्हणून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर पुसून पुढच्या सीटवर मांडलेत. मामा स्वयंपाकघरात आहे, मला इथून खिडकीतून दिसतोय. बाबांचा फोन येईपर्यंत हिंमत गोळा करायची, आत जायचं, सांगायचं आणि निघायचं. मला हा धंदा सोडायचा नव्हता हे इथे लिहून ठेवते, कारण ताईला ते खरं वाटणार नाही.

थांबा. रस्त्यावरून डॉक्टरबाई येतायत.

खरंच त्याच. इथे त्या कधीच आलेल्या नाहीत. पायी, डूल घालून, आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. मी सीटखाली सरकलेय, पण दिसतंय. बेल वाजवली. चादर घसरली.

खिडकी आहे. दवाखान्यातली. अख्खी. काच, काचेभोवतीची चौकट, आणि त्यावर माझं पोलादी हँडल, जसंच्या तसं, चमकतंय. ते निघालं नाही म्हणून बाईंनी बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवून खिडकीच उपटून आणलीय. दातांच्या डॉक्टर त्या, मुळापासून काढायची सवय. आजवर कुठल्या कारागिराला खिडकीनेच घरी येऊन परत बोलावलं नसेल.

मामाने दार उघडलं. बघतच राहिला. मग उजवा हात केस सारखे करायला वर गेला आणि कानापर्यंत पोचला. कानापर्यंत. माझ्यासमोर छातीच्या वर गेलेला नाही.

आता दोघं स्वयंपाकघरात. मधे टेबलावर खिडकी आडवी. मी बसवलेल्या रबरामुळे अक्षर ऐकू येत नाहीये, नको तिथे काम चांगलं झालंय. दोघं समोरासमोर गप्प बसलेत. माझ्याबद्दल एवढं वाईट की बोलवतही नाही. डॉक्टरबाईंनी पर्समधून दात उपटायचा चिमटा काढला आणि टेबलावर ठेवला. मामा चिमट्याकडे बघतोय. चिमट्याला दाते आहेत. मामा उठला, बाकाखालून तो बिस्किटांचा डबा घेऊन आला आणि चिमट्याशेजारी ठेवला. झाकण उघडलं. आता डॉक्टरबाई डब्याकडे बघतायत. कुणाचं हत्यार चांगलं यावरून काही वाद असावा.

आता दोघं हसतायत. मामा एकाच खांद्याने हसतोय.

डॉक्टरबाई उठून त्याचा खांदा दाबून बघतायत. म्हणजे त्या खांदेही बघतात. बरंच आहे, इथे तिथे जायला नको.

मामाने फोन घेतला. बोलतोय, थोडंच. ठेवला. बाबाच असणार. गेलं, मी सांगायच्या आधीच सगळं झालं. आता तो खिडकीपाशी आलाय, हँडल वर फिरवलं, खिडकी वरून कलली, आणि फटीतून त्याचा आवाज आला.

"भिंगरे, लपू नकोस, बॅग दिसतेय. तुझ्या बाबांचा फोन होता. म्हणाले, पोरगी कुठे आहे. म्हटलं, कामावर आहे, आणि राहणार आहे. आता पाना घेऊन ये. तू बसवलेलं हे आम्हा दोघांनाही निघत नाहीये."

राहणार आहे, असंच म्हणाला ना? जातेय. पण जाण्याआधी एक लिहून ठेवते. डॉक्टरबाई डब्यातली हँडलं एकेक करून फिरवून बघतायत, आणि जे सर्वात जास्त कण्हतं ते त्यांनी बाजूला काढून ठेवलंय. त्यांना आत्ताच सावध करायला हवं. ते महिनाभरसुद्धा टिकणार नाही.